वीस लिटर पाणी, एक फायटर : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

फायटर (बेट्टा) माशासाठीची काचेची टाकी जागेवर बसली. लांबी ४५ सेंमी, रुंदी २५, उंची २५. काठोकाठ भरली तर २८ लिटर होतात, पण पाणी २० सेंमीपर्यंतच ठेवायचं आहे; वाळू-दगड वजा जाता २० लिटर हाती येतात. वरचं अंतर मुद्दाम सोडलं. फायटर वर येऊन हवा घेतो आणि दचकला की उडी मारतो, तेव्हा पाण्यावर मोकळी हवा हवी आणि तिच्यावर जाळीचं झाकण.

हॉलमधल्या कडप्प्याच्या फळीवर ठेवली, खाली थर्माकोल. पाणी, काच, वाळू मिळून तीस किलोच्या आसपास भार होतो, फळीला काही अडचण नाही. खिडकीतलं ऊन टाकीवर येणार नाही अशी जागा निवडली.

आई म्हणाली, "अगं, दुकानात तो पेल्यात राहतो. त्याला एवढं मोठं घर कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि सगळेच तो विचारतात, म्हणून उत्तर इथे नीट लिहून ठेवते. हा मासा मूळचा थायलंडकडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांतला आणि पाणथळीतला. तिथलं पाणी घोट्याएवढंच असेल, पण ते दूरवर पसरलेलं असतं. माशाची घाण त्यात विरून जाते, पाणवनस्पती ती शोषून घेतात. अशा कोमट, संथ पाण्यात प्राणवायू मात्र कमी. त्यामुळे या माशाच्या कल्ल्यांच्या वर हवेतून प्राणवायू घेणारा एक जादा अवयव आहे, लॅबिरिन्थ नावाचा. पेल्यात तो तगतो तो याच्या जोरावर. पण कल्ल्यांतून बाहेर पडलेला अमोनिया त्याच पेल्यात साठत जातो आणि त्याच कल्ल्यांना भाजतो. त्यावर लॅबिरिन्थचा काही इलाज चालत नाही. मला खरं सांभाळायचं आहे ते पाणी. ते जमलं की मासा बहुतांशी स्वतःचं बघतो. आणि पाणी जितकं कमी, तितकं ते सांभाळणं अवघड.

१० नोव्हेंबर

शेजारच्या प्लॉटवर पायाची खोदाई चालू आहे. तिथून काळ्या पाषाणाचे चार तुकडे आणले. आपला बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही, पण आपल्याकडच्या दगडात पांढऱ्या स्फटिकांच्या गाठी असतात आणि त्यांतले काही कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याचे, निघतात. प्रत्येक गाठ खरवडून लिंबू पिळून पाहिलं. एका दगडावर बारीक फेस आला. तो बाद.

भाचा हर्णैहून आणलेले शंख-शिंपले घेऊन आला. "मावशी, हे घाल ना आत, खरा समुद्र वाटेल." त्याला समजावलं की शिंपला म्हणजे चुनाच, तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, करतो. समुद्रातल्या माशाला ते चाललं असतं, याला नको. शंख आता तुळशीच्या कुंडीत आहेत.

१६ नोव्हेंबर

मैत्रिणीच्या जुन्या टाकीतला स्पंज निम्मा कापून आणला आणि माझ्या स्पंज फिल्टरवर गुंडाळला. आणताना तिच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला. वाळला असता तर त्यातले जिवाणू मेले असते.

मासा नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाकते आहे. ते कुजतं, अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. आठवड्याच्या पाणीबदलीत ते निघून जातं. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून राहतात, पाण्यात मोकळे फारसे नसतात. पाणी बदललं तरी वसाहत टिकते आणि स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला तर मरते, त्याचं कारण हेच. कोरी टाकी या टप्प्यातून जायला चार ते सहा आठवडे घेते. विरजण लावल्यासारखा जुना स्पंज मिळाला तर त्याहून लवकर होतं.

अन्यूबियस आणि जावा फर्न या पाणवनस्पती दगडांना दोऱ्याने बांधल्या. अन्यूबियसचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून वरच. दोघांनाही उजेड थोडा पुरतो.

१ डिसेंबर

टेस्ट किटवर अमोनिया ०.५, नायट्राइट २ (लिटरला मिलिग्रॅम). हा टप्पा फसवा असतो. अमोनिया उतरताना दिसतो, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, आणि दुकानदार म्हणतात "आता सोडा मासा". पण नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. थांबणार.

१४ डिसेंबर

पहाटे हॉलमध्ये १९ अंश. पुण्याची थंडी आपल्याला सुखाची असली तरी या माशाला २४ ते २८ अंश लागतात. त्याखाली तो सुस्त होतो, पचन मंदावतं, आजार धरतात. स्पंजमधले जिवाणूही गारठ्यात संथ होतात, म्हणजे नुकसान दोन बाजूंनी.

हीटर २५ वॉटचा घेतला. दुकानात ५० आणि १०० वॉटचेही होते, भावात थोडाच फरक. तरी लहानच घेतला, कारण हीटरचा थर्मोस्टॅट कधीतरी अडकतो. १०० वॉटचा अडकला तर २० लिटर पाणी रात्रीतून माशाच्या जिवावर उठेल इतकं तापतं. २५ वॉटचा अडकला तर पाणी हळू चढतं आणि सकाळी थर्मामीटर बघून सावरता येतं. २६ वर लावला आहे. पाणी काढण्याआधी प्लग काढायचा, ही चिठ्ठी स्विचबोर्डवर चिकटवली. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकते.

२१ डिसेंबर

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. काल टाकलेलं खाद्य पचवूनही हे आकडे. टाकी तयार.

२२ डिसेंबर

जांभळ्या घरी आला.

दुकानात फळीवर प्लास्टिकच्या पेल्यांची ओळ. बहुतेक मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतात, तिथे शोभेच्या माशांचा मोठा व्यापार आहे. दुकानदार म्हणाले, "ताई, हा हाफमून घ्या, शेपूट बघा कशी पंख्यासारखी." सुंदर होता खरा. पण एवढी शेपटी ओढत पोहणं माशाला कष्टाचं जातं, आणि असे मासे पुष्कळदा स्वतःची शेपटी चावतात. मी आखूड शेपटीचा प्लाकाट घेतला. पेल्याजवळ बोट नेलं तर अंगावर आला, डोळे स्वच्छ, पोट ना खपाटीला ना फुगलेलं, खवले अंगाशी बसलेले. रंग पिकल्या जांभळाचा, पोटाखाली तांबूस झाक. भाच्याने तिथल्या तिथे नाव ठेवलं.

घरी पेला अर्धा तास टाकीत तरंगत ठेवला, अधूनमधून टाकीचं थोडं पाणी घातलं, मग जाळीने मासा उचलून सोडला. पेल्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. ते तपासलं होतं : अमोनिया ४.

आज खायला काही नाही. उद्यापासून सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन, आठवड्यातून एक दिवस उपास. आईला हा उपास लगेच पटला.

२९ डिसेंबर

शेपटीची कड काळपट झाली आहे आणि दोन ठिकाणी विरली आहे. खातो आहे, फिरतो आहे, वर येऊन हवा घेतो आहे. टाकीचं पाणी शून्य-शून्य. ही जुनी जखम असावी, पेल्यातल्या पाण्याची. कड काळी पडणं हे अमोनियाने भाजल्याचं लक्षण असतं.

दुकानदारांना फोन केला. "निळं औषध टाका, दहा थेंब." निळं औषध म्हणजे मिथिलिन ब्लू. ते चालत्या टाकीत टाकलं तर स्पंजमधले जिवाणू मरतात, झाडं खचतात, काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. शेपटीच्या एका विरलेल्या कडेसाठी एवढी किंमत द्यायला मी तयार नाही. ठरवलं ते असं : दर तिसऱ्या दिवशी चार लिटर पाणी बदलायचं, तापमान २७, उजेड कमी, बाकी हात लावायचा नाही. विरलेला भाग अंगाच्या दिशेने सरकू लागला, तरच वेगळ्या टबात मिठाचा उपचार. लिटरला एक ते दीड ग्रॅम खडेमीठ, जास्तीत जास्त दहा दिवस, टबातलं पाणी रोज नवं. टाकीतच मीठ घालायचं नाही, झाडांना ते सोसत नाही.

५ जानेवारी २०२५

सोसायटीच्या फाटकाजवळचं देशी बदामाचं झाड आता लाल होऊन पानं गाळतं आहे. आपोआप गळलेली, कोरडी, डाग नसलेली पानं वेचली. आईने ती धुऊन दोरीवर वाळत घातली आणि शेजारच्या काकूंना सगळं समजावूनही सांगितलं. हाताएवढं एक पान २० लिटरला पुरतं. त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. जिवाणू आणि बुरशीची वाढ ते थोडी दाबतं. दक्षिण-पूर्व आशियात फायटर पाळणारे हेच पान वापरतात. त्याने सगळे रोग जातात असं म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. पण मंद तपकिरी उजेडात हा मासा निवांत होतो, हे आज तासभर समोर बसून पाहिलं.

१२ जानेवारी

शेपटीच्या कडेला पारदर्शक पडदा दिसतो आहे, जेमतेम एक मिलिमीटर. नवी वाढ अशीच बिनरंगी येते, रंग नंतर चढतो. काळी कड पुढे सरकलेली नाही. मीठ लागलं नाही.

२६ जानेवारी

कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं बांधलंय. नर हेच करतात. अंडी असोत-नसोत, मादी असो-नसो. घरटं दिसलं म्हणजे पाणी उत्तम, असं धरून चालू नये. घाणेरड्या पेल्यातही नर घरटी बांधतात. तरी आज घरात सगळ्यांना बरं वाटलं. पाणीबदलीत घरटं मोडू नये म्हणून पाणी दुसऱ्या टोकाकडून काढलं.

भाच्याला आरसा दाखवायचा असतो, कल्ले फुलवून जांभळ्या अंगावर येतो ते बघायला. दोन मिनिटं, आठवड्यातून एकदोनदा, एवढी परवानगी. थोडा व्यायाम होतो. जास्त वेळ दाखवला तर तो दमतो.

१६ फेब्रुवारी

दुपारी चार तास वीज गेली. हॉल उबदार होता, पाणी अर्धा अंशच उतरलं. माशाला हवा वरून मिळते, त्याची काळजी नव्हती. काळजी स्पंजची : पाणी फिरलं नाही तर आतल्या जिवाणूंना प्राणवायू कमी पडतो. स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात दोनदा हलका पिळला, म्हणजे साचलेल्या गाळाने आतला प्राणवायू खायला नको. वीज आल्यावर तपासलं, अमोनिया ०.

१६ मार्च

आमच्या भागात टँकर सुरू झाले. ही नोंद लांबणार.

आजवर नळाला खडकवासल्याचं पाणी होतं. सह्याद्रीच्या पावसाचं, हलकं : टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ९५, पीएच (आम्लतेचा आकडा, ७ म्हणजे मध्यम, वर अल्कधर्मी) ७.२. आज गच्चीवरच्या टाकीत टँकरचं बोअरवेलचं पाणी आलं : टीडीएस ६४०, पीएच ८.१. पिताना कळतं, साबणाला फेस येत नाही म्हणून कळतं. माशाला त्याहून आधी कळतं.

जांभळ्याच्या पाण्याचा टीडीएस १३०. नेहमीसारखं पाच लिटर काढून टँकरचं घातलं तर एका झटक्यात २५० पार होईल, दुप्पट. माशाच्या शरीरात क्षार आत-बाहेर नेण्याचं काम सतत चालू असतं. बाहेरचं पाणी एकदम जड झालं तर त्याच्यावर ताण येतो. हळू बदललं तर बऱ्यापैकी जड पाण्यातही फायटर नीट राहतो. त्याला जाचतो तो आकड्यापेक्षा झटका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बरंचसं निरुपद्रवी, आणि त्यांचं प्रमाण पीएच ठरवतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे टेस्टच्या बाटलीत रंग तोच, आकडा तोच, आणि विष दहापट. हिवाळ्यात ०.२५ अमोनिया आला असता तर मी पाणी बदलून शांत झोपले असते. टँकरच्या पाण्यात तोच ०.२५ धोक्याचा. मार्च ते जून "सगळं नेहमीसारखंच करत होतो आणि मासा गेला" असं लोक सांगतात, त्यामागे पुष्कळदा हेच असावं असं मला वाटतं.

उपाय घरातच आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी, टीडीएस ३०. नुसतं आरओ वापरायचं नाही : त्यात पीएच सावरून धरणारे क्षारच नसतात, आणि जिवाणूंना त्यांच्या कामात हेच क्षार लागतात, ते संपले की पीएच घसरतो. म्हणून मिश्रण. एक भाग टँकरचं, तीन भाग आरओ. हिशेबाने १८२ यायला हवा, मीटरवर १८५ आला. आज तीनच लिटर बदललं. पुढचे काही आठवडे थोडं थोडं करून टाकी १८० च्या आसपास नेऊन तिथेच ठेवायची.

बदामाचं पान या पाण्यात पीएच खाली आणेल अशी आशा ठेवू नये. जड पाणी त्याला दाद देत नाही.

२० एप्रिल

बाहेर ४०, टाकी ३१.५. हीटर केव्हाच काढून ठेवला आहे. जांभळ्या वरच्या थरात जास्त दिसतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून.

झाकणाच्या जाळीवरून छोटा पंखा तिरका लावला. पाण्याची वाफ होते तेव्हा ती उष्णता सोबत नेते, संध्याकाळी २९. बर्फ टाकायला अनेक जण सांगतात, पण दुपारी चार अंश खाली, रात्री पुन्हा वर, असा हिसका मी देणार नाही.

पंख्याने रोज अर्धा लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर शुद्ध आरओने. टँकरच्या पाण्याने भरत गेले असते तर टीडीएस चढतच राहिला असता.

खाणं दिवसाला चार दाण्यांवर आणलं आहे. उरलेलं खाद्य या उन्हात संध्याकाळपर्यंत कुजतं.

१५ जून

पाऊस. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतंय, गढूळ, आणि क्लोरीनचा वास हिवाळ्यापेक्षा उग्र. पावसाळ्यात क्लोरीन वाढवतात ते आपल्या भल्यासाठीच. पण ते कल्ले भाजतं आणि स्पंजमधले जिवाणू मारतं. बादली रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवते, शिवाय क्लोरीन घालवणारे थेंबही टाकते.

बादलीवर घट्ट कापड. नुसतं उघडं साठवलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला निमंत्रण. जांभळ्याच्या टाकीत अळी पडली तर तो ती सोडणार नाही. बादलीत तिला खाणारं कोणी नाही.

३ जुलै

संध्याकाळी सोसायटीत धुराची फवारणी होणार असं व्हॉट्सअॅपवर आलं. डासांसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला कमी, माशांना फार घातक असतात. आणि एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. फवारणीआधी हॉलच्या खिडक्या बंद केल्या, पंप बंद, टाकीवर ओला पंचा, कडा दाबून. फवारणी संपल्यावर मागच्या बाजूची खिडकी उघडून हवा खेळू दिली, मग पंचा काढला, मग पंप. जांभळ्याला काही झालं नाही.

आईचं डासांचं लिक्विड मशीनही हॉलच्या प्लगवरून तिच्या पलंगाजवळ न्यायला सांगितलं. "माशासाठी मला हलवतेस होय," म्हणाली, आणि स्वतःच नेऊन लावलं. कॉइल आणि स्प्रे हॉलमध्ये आता कोणीही वापरत नाही.

१३ जुलै

टँकर बंद. नळाला धरणाचं पाणी नियमित आलं : टीडीएस ७०, पीएच ७.१. टाकीत १९०. उलट्या दिशेनेही घाई करायची नाही, कारण जड पाण्यातून एकदम हलक्यात जाणं माशाला तितकंच त्रासाचं. आज तीन लिटर बदललं : दोन लिटर नळाचं, एक लिटर साठवलेलं टँकरचं. मिश्रणाचा टीडीएस २६० च्या आसपास, म्हणजे टाकी २०० वर राहिली. आधी पीएच आणि क्लोरीन कसं वागतं ते बघायचं होतं. पुढच्या रविवारी तीन लिटर निव्वळ नळाचं, त्याच्या पुढच्या रविवारीही तेवढंच.

आजची मोजमापं : २७ अंश, पीएच ७.५, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५. शेपटीची कड पूर्ण, नव्या भागावर रंग चढलेला. अन्यूबियसला दोन नवी पानं, जुन्या पानांवर थोडं काळं शेवाळ. पुढच्या बदलीत ती जुनी पानं कापायची. टेस्ट किटमधली नायट्राइटची बाटली ऑगस्टमध्ये मुदत संपते आहे, नवी आणायची. हीटर ऑक्टोबरमध्ये लावण्याआधी बादलीत एक रात्र तपासून घ्यायचा.